फारोच्या हात गायी

“हत्ती.”

“सत्ती,” मी म्हणाले.

सिस्टर तेओफिलांनी डोळे मिटून घेतले. शेजारी उभा असलेला इवान कोलासो तोंडावर रुमाल धरून खिदळला.

“नातालीन, पुन्हा म्हण. आधी नुसता ह.”

“ह.”

“शाब्बास. आता हत्ती.”

“सत्ती.”

“अगं, महिन्यापूर्वी तुला स म्हणता येत नव्हता. तो यायला लागला, तर आता ह गेला? आगीतून फुफाट्यात आलो की आपण!”

“हो, हिस्टर,” मी म्हणाले. यावर मात्र इवानला रुमाल पुरला नाही, आणि त्याला वर्गाबाहेर उभं राहावं लागलं.

पेशव्यांच्या घरात एकदाच ध चा मा झाला म्हणतात. आमच्या वसईकडच्या वाड्यांमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ स चा ह होतो आणि कुणाचा मुडदा पडत नाही. आम्ही सासूला हाहू म्हणतो, सांगायचं असेल तर हांगतो आणि शाळेला हाळा म्हणतो. आता स असा रिकामा पडला, तर तो वाया कशाला घालवायचा? म्हणून तो आम्ही च च्या जागी वापरतो. चार म्हणजे सार, पाच म्हणजे पास. सगळा हिशेब चोख आहे. पण सिस्टर तेओफिला नगरहून आलेल्या. त्यांच्या कानाला हे सोसत नसे. आमच्या संत आन्ना प्राथमिक शाळेत त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं, की फाटकाच्या आत शुद्ध मराठी. बाई तशा मायाळू होत्या. मधल्या सुट्टीत कुणाचा डबा नसला तर स्वतःची पोळी देत. पण हातातल्या पोळीला ‘हिस्टर, थँक्यू’ म्हटलं, तर ‘सिस्टर’ म्हणेपर्यंत पोळी सोडत नसत.

त्या साली शाळेला पन्नास वर्षं होणार होती. महिनाभर आधीपासून नुसती धामधूम होती. मोठी मुलं पताका कापत होती, चर्चचं बँडपथक पटांगणात सराव करत होतं, आणि सुतारकाका स्टेजचे वासे ठोकताना आमचे पाढे ऐकत होते. समारंभाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे आसपासच्या धर्मग्रामांतल्या शाळांची बायबल प्रश्नमंजूषा. तिची चांदीची ढाल दरवर्षी बाजारपेठेतली मोठी शाळा घेऊन जायची. यंदा स्पर्धा आमच्या अंगणात होती, तेव्हा ढाल आमच्याच भिंतीला लागली पाहिजे, असा सिस्टरांचा हट्ट होता.

एका जोडीत दोन मुलं. आमच्या शाळेतून इवान आणि मी. इवान पोस्टमास्तरांचा मुलगा. जन्म मुंबईतला, त्यामुळे बोलणं रेडिओसारखं स्वच्छ. पण बायबलच्या बाबतीत गडी इतका कच्चा, की योनाला कुणी गिळलं म्हणून विचारलं तर त्याने “मगरीने” म्हणून सांगितलं होतं. मला मात्र सगळं यायचं. चौथीतल्या पोरीला एवढं कसं येतं, याचं सिस्टरांना कोडं होतं. उत्तर साधं होतं. मला आयने शिकवलं होतं.

आय शाळेत गेलेली नव्हती. पण तिचा बाप, म्हणजे माझा आजा, चर्चमध्ये घंटा वाजवायचा आणि मुलांना धर्मशिक्षण द्यायचा, त्यामुळे जुना करार तिला शेजाऱ्यांच्या भानगडींसारखा पाठ होता. संध्याकाळी रोझरी झाली, की केळीचे घड निवडता निवडता ती आम्हाला योसेफ, मोशे, दावीद सांगायची, आमच्या बोलीत. तिच्या गोष्टीतला फारो राजा म्हणजे आठ विहिरींचा मालक असलेला कुणी गबर वाडीवाला होता, आणि योसेफाला भावांनी टाकलं ते आमच्याच मागच्या आडात. सकाळी हीच आय डोक्यावर केळ्यांची टोपली घेऊन बाजारात जायची. आवाज असा, की ती गल्लीच्या तोंडाशी ओरडली की शेवटच्या घरातली बाई पिशवी घेऊन बाहेर यायची.

पण शाळेच्या फाटकाशी आली की त्या आवाजाला कुलूप लागायचं. त्याचं कारण मला ठाऊक होतं. मी पहिलीत असताना आय एकदाच पालकसभेला आली होती. नवं लाल लुगडं नेसून, पुढच्या बाकावर बसली होती. बोलायची वेळ आली तेव्हा उभी राहून म्हणाली, “पोरीला हमजत नाय तं दोन फटके द्या, पण हाळेतून काडू नका.” एक बाई फिसकन हसल्या. “हाळेतून!” असं त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मग सगळी सभा हसली. घरी तेच बोलणारे आमचे शेजारीपाजारीसुद्धा हसले. आय खाली बसली. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, “त्या फाटकात आता मी पाय नाय ठेवणार.”

आणि तिने ठेवला नाही. मला सोडायला यायची ती फाटकाबाहेरच्या चिंचेपर्यंत. पाऊस असो, ऊन असो, तिथेच. गॅदरिंगला मी मेंढरू झाले होते, तेव्हाही तिने माझं बॅ-बॅ चिंचेखालूनच ऐकलं. मला याचा भयंकर राग यायचा. आयचा नव्हे, फाटकाचा. जाता-येता मी त्याला लाथ घालायचे. मला ढाल हवी होती ती याचसाठी. आपण माइकवर सगळ्यांसमोर बरोबर उत्तर दिलं, की आय नक्की आत येईल असं माझ्या डोक्याने घेतलं होतं.

“आय, तू येशील ना?” मी आदल्या दिवशी विचारलं.

“येन की. सिसेखाली उबी राहीन.”

“आत ये ना.”

“कर्णा बांदलाय सिसेवर. मना बाहेर तुज्यापेक्षा ज्यास्त आयकाला येल,” ती म्हणाली आणि घड निवडायला लागली.

पण माइकवर बोलायचं माझ्या नशिबात होतं कुठे? सिस्टरांनी त्याची तोड काढली होती. “नातालीन, तू उत्तर इवानच्या कानात सांगायचंस. माइकवर बोलेल तो इवान.”

“मग मी काय करू?”

“तू डोकं, तो तोंड. दोघांची मिळून एकच ढाल.”

मला रडू आलं. ते सिस्टरांनी पाहिलं, आणि माझ्या वेणीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “बाळा, लोक हसतील गं तुला. मला ते बघवणार नाही.” त्यांना खरंच बघवलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर भांडताही येईना.

समारंभाच्या दिवशी मांडव खचाखच भरला. पुढे धर्मगुरू आणि पाहुणे, मागे गावातले बापे, आणि एका बाजूला लाल लुगड्यांतल्या बायका. परीक्षक होते पुण्याहून आलेले फादर ऑस्वल्ड. गोल चष्मा, गोल पोट आणि अतिशय गंभीर चेहरा. मी स्टेजवरून मान उंच करून पाहिलं. फाटकापलीकडे चिंचेखाली आय उभी होती. बाजारातून तशीच आलेली, टोपली पायाशी. टोपलीत न विकलेली केळ्यांची एक फणी उरली होती.

पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. मी कुजबुजायचे, इवान बोलायचा. एकदाच गडबड झाली. मी “हमहोन” म्हणाले आणि त्याने तसंच माइकवर सांगून टाकलं. पण लगेच जीभ चावून “शमशोन” असं सुधारलं. एकेक शाळा गळत गेली, आणि शेवटी उरलो आम्ही आणि बाजारपेठेतली मोठी शाळा. गुण सारखे.

तेव्हा फादर ऑस्वल्ड उभे राहिले. “आता अंतिम फेरी. या फेरीत एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येकाने स्वतः माइकपाशी येऊन एकट्याने उत्तर द्यायचं. उत्तर एकदाच. चुकलं, तर प्रश्न दुसऱ्या शाळेला जाईल.”

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातला क्रूस घट्ट धरला होता.

इवानने त्याचा प्रश्न कसाबसा मारून नेला. मग माझं नाव पुकारलं. माइक माझ्या कपाळाएवढा उंच होता, तो कुणीतरी वाकवून दिला.

“नातालीन मच्याडो. पिलाताने लोकांसमोर पाणी मागवलं आणि काय धुतलं?”

आता हे काय विचारणं झालं? आमच्या घरात एखाद्याने कामातून अंग काढलं, की आय म्हणायचीच, ‘झाला पिलात.’ उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण महिनाभराची शिकवण आडवी आली. ह आला की सावध! तो अशुद्ध असतो. त्याच्या जागी स घालायचा. मी दीर्घ श्वास घेतला आणि सुंदर, ठसठशीत, नगरलासुद्धा मान खाली घालायला लावील असा स काढला.

“सात.”

फादर ऑस्वल्ड माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले.

“सात? सात काय धुतले?”

चूक माझ्या लक्षात आली, पण उत्तर एकदाच द्यायचं होतं. प्रश्न दुसऱ्या शाळेला गेला, आणि तिकडच्या शर्लिन नावाच्या मुलीने “हात” असं सांगून टाळ्या घेतल्या. हसू उसळलं. मला वाटलं, पायाखालची फळी मोडावी आणि आपण स्टेजखाली जाऊन बसावं. चिंचेकडे बघायची माझी हिंमत होईना.

पण देवाला आमची दया आली असावी. इवानला आदामाच्या बायकोचं नाव विचारलं, ते त्याला येत होतं. आणि शर्लिनचा जोडीदार नोहाच्या मुलांत अडखळला. गुण पुन्हा बरोबरीत आले, आणि शेवटचा प्रश्न उरला माझ्यासाठी. बरोबर आला तर ढाल आमची, चुकला तर त्यांची.

मी माइकपाशी गेले. या वेळी मी सिस्टरांकडे पाहिलं नाही. सरळ फाटकाकडे पाहिलं. आयने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले होते. शाळेच्या फाटकाला तिने हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

“फारोच्या स्वप्नात,” फादर म्हणाले, “नदीतून लठ्ठ गायी वर आल्या. किती?”

मला हसूच आलं. त्या गायी मला चेहऱ्याने माहीत होत्या. आयने त्या एकेक करून आमच्या मागच्या पाणंदीतून वर आणल्या होत्या. कुठला स आणि कुठला ह! मी आयकडे बघत घरच्यासारखं सांगून टाकलं.

“हात.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग फादर ऑस्वल्ड अतिशय गंभीरपणे म्हणाले, “बाळ, हात हे पिलाताचं उत्तर होतं. गायींना हात नसतात.”

हास्याचा असा स्फोट झाला, की स्टेजवरच्या कुंड्या हलल्या. मोठ्या शाळेचे वाझसर तर खुर्चीतून अर्धे उठलेच. “प्रश्न आमच्याकडे आला, फादर! आमच्याकडे!”

“होय, तर प्रश्न आता—”

“ओ फादर!”

हा आवाज माइकमधून आला नव्हता. त्याला माइकची गरज नव्हती. गल्लीच्या शेवटच्या घरातल्या बाईला पिशवी घेऊन बाहेर काढणारा तो आवाज होता. सगळा मांडव वळून पाहायला लागला. फाटक ढकलून, टोपली काखेत मारून आय मधल्या वाटेने चालत येत होती. पदर खोचलेला, पायांत वहाणा नाहीत. वाटेतले लोक आपोआप पाय आवरून घेत होते. ती सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी आली आणि टोपलीतली फणी तिने पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ठेवली.

“बाई, तुम्ही कोण?” फादर म्हणाले.

“ही पोरगी हांगते, तिसी आय. ती बरोबर हांगते.”

“अहो, पण ती हात म्हणाली.”

“मग? हातस हाय. आता ह्या तुमच्या गायी हमजा.” आयने फणीतलं एक केळं मोडलं आणि फादरांपुढे आडवं ठेवलं. “एक.” दुसरं मोडलं. “दोन. तीन.”

चौथ्या केळ्याला बायकांच्या बाजूने कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “सार.”

आय थांबली. तिने त्या बाजूला पाहिलं. पालकसभेत हसलेले चेहरेही त्यांत होते. मग तिने पाचवं केळं हात उंच करून सगळ्यांना दाखवलं.

“पास!” या वेळी चारदोन नव्हे, सगळ्या लाल लुगड्यांचा आवाज आला.

सहाव्या केळ्याला “हा!” झालं, आणि त्यात आता बापेही मिळाले. बँडवाल्या मुलांपैकी कुणीतरी ढोलावर टिपरी मारली.

आयने सातवं केळं मोडलं. ते तिने खाली ठेवलं नाही, फादरांच्या हातात दिलं. आणि मांडवातल्या म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत सगळं गाव एका दमात गरजलं,

“हात!”

चिंचेवरचे कावळे उडाले. फादर ऑस्वल्ड हातातल्या केळ्याकडे आणि टेबलावरच्या रांगेकडे पाहत बोटाने मोजायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या केळ्याला त्यांचा गंभीर चेहरा एकदम फुटला आणि ते पोट धरून हसायला लागले.

“सात! अरे देवा, हात म्हणजे सात!”

“हे चालणार नाही,” वाझसर ओरडले. “उत्तर शुद्ध भाषेत हवं. असं बोलणं आम्ही आमच्या शाळेत कधी खपवून घेत नाही.”

फादरांनी हसू आवरलं. “मी तर बाहेरचा माणूस. सिस्टर तेओफिला, तुमचं काय म्हणणं? शाळा तुमची, शुद्धतेचा तुमचा नियम मी प्रवेशद्वारावर वाचलाय. हे उत्तर बरोबर धरायचं का?”

सिस्टर उभ्या राहिल्या. तीन वर्षं त्या या ह च्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आयकडे पाहिलं. आयही त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

“फादर,” सिस्टर म्हणाल्या, “पोरीने एकही गाय कमी सांगितलेली नाही, जास्त नाही. इथे सात म्हणजे हातच. मला हे ठाऊक होतं. उत्तर बरोबर आहे.”

“पण एक शंका राहते,” फादर डोळे मिचकावत माझ्याकडे वळले. “नातालीन, तुमच्याकडे सात म्हणजे हात. मग मघाशी पिलाताच्या हाताला तू सात का म्हणालीस?”

माइक समोरच होता. मी त्यात तोंड घालून खरं ते सांगितलं.

“ते हिस्टरनी हिकवलेलं!”

पुढची काही मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नसेल. बायका एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत होत्या. बँडने कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. इवानने मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघेही पडलो. सगळ्यांत जास्त हसत होत्या त्या सिस्टर तेओफिला. चष्मा काढून त्या बाहीने डोळे पुसत होत्या, आणि ते सगळं पाणी काही हसण्याचं नव्हतं. तेवढ्यात फादर ऑस्वल्डनी हातातलं केळं सोलायला घेतलं.

“फारोच्या स्वप्नातसुद्धा या लठ्ठ गायी शेवटी खाल्ल्याच गेल्या होत्या, नाही का?” ते म्हणाले आणि त्यांनी सातवी गाय दोन घासांत संपवली.

ढाल माझ्या हातात दिली, तेव्हा ती माझ्या छातीपेक्षा मोठी होती. वाझसरसुद्धा टाळ्या वाजवत होते, जरा उशिरा का होईना. मी ढाल घेऊन आयला शोधायला धावले.

मांडव पांगत होता. आय टेबलापाशी उरलेली केळी टोपलीत भरत होती. हल्लागुल्ला ओसरल्यावर तिला आपण काय केलं याची जरा लाज वाटायला लागली असावी. पदर खांद्यावर घेऊन ती मान खाली घालून काम करत होती. सिस्टर तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ मी कधी पाहिल्या नव्हत्या.

“मच्याडोबाई,” सिस्टर म्हणाल्या, “माझं एक ऐकाल? तुम्ही चिंचेखाली उभ्या राहता, ते मी माझ्या खिडकीतून रोज पाहते. बोलवायला हवं होतं, बोलवलं नाही. आता तरी आत येत जा.”

आयने टोपली उचलली. मग तिने मान वर करून पाहिलं. समोर स्टेज, डावीकडे वर्ग, मागे ऑफिसचा दरवाजा. आणि दूर, लोकांच्या डोक्यांपलीकडे, सताड उघडं पडलेलं फाटक. तिने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि बाजारातला तो खणखणीत आवाज मला त्या अंगणात पुन्हा ऐकू आला.

“हिस्टर, मी आतस हाय.”